दोन बोटं चटणी

"अक्का, शेंगाची चटणी केली होती. म्हटलं, तुम्हाला चव बघायला द्यावी."

विजयमाला दारात उभी होती. कडेवर सात महिन्यांची लेक आणि पदराखाली बरणी. मी बरणी हातात घेतली तेव्हा आधी तिचं वजन जाणवलं, आणि मग कळलं की ते सगळं वजन काचेचंच आहे. दोन किलो साखर आरामात मावेल एवढी बरणी, आणि चटणी तळाशी, मोजून दोन बोटं.

ती गेल्यावर मी यांना दाखवली. म्हटलं, मास्तरीणबाईंचा थाट बघा, वाटीत मावेल एवढं द्यायचं आणि ते हंड्यातून पाठवायचं. हे हसले. आमचे हे बार्शीच्या एसटी डेपोत हेडक्लार्क होते. माणूस हसायचा, पण हसून झाल्यावर कामाचं बोलायचा. म्हणाले, "बरणी धुऊन परत कर."

"देईन की. रिकामी कशी देऊ?"

यात मी खोटं काही बोलले नव्हते. शेजारच्या घरचं भांडं आमच्याकडे रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. आता एवढ्या मोठ्या बरणीत चिमूटभर साखर बरी दिसली नसती, आणि बरणी भरून द्यावी एवढे काही दोन बोटं चटणीचे उपकार झाले नव्हते. सवडीनं काहीतरी करू आणि देऊ, असं ठरवून मी ती धुतली, पुसली, आणि कशी दिसते ते बघावं म्हणून मांडणीवर ठेवली.

तिथंच घात झाला. ती फारच छान दिसली.

मला बाटल्यांचं वेड होतं, हे आधी सांगायला हवं. बायका भंगारवाल्याला रद्दी घालतात, मी त्याच्याकडून घ्यायची. मौला म्हणून एक भंगारवाला आमच्या गल्लीत यायचा. रुंद तोंडाची बाटली मिळाली की दुसरीकडे न दाखवता आधी माझ्याकडे आणायचा आणि दुप्पट भाव सांगायचा. मी निम्म्याला मागायची. दोघांनाही माहीत असायचं, शेवटी कुठं थांबायचं ते. कॉफीच्या बाटल्या, मुरांब्याच्या बाटल्या, आजारी माणसाला देतात त्या पावडरीच्या बाटल्या. लेबल गरम पाण्यात भिजवून काढायचं, खाली उरलेला चिकटा रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा, मग राख, मग सोडा, मग लिंबाच्या साली घालून उकळलेलं पाणी, आणि मग दोन दिवस ऊन. एवढं केल्यावर बाटली आपला आधीचा जन्म विसरते. लोणच्याची मात्र विसरत नाही, तिच्यात पुन्हा लोणचंच घालावं.

अशा अठ्ठावीस बाटल्या माझ्या मांडणीवर होत्या. पण उंच, बुटक्या, गोल, चपट्या, एकीचं झाकण पिवळं तर दुसरीचं निळं. शाळेत गणवेशाशिवाय आलेली पोरं रांगेत उभी करावीत तशा दिसायच्या. आणि त्यांच्यामध्ये ही बरणी: जाड, किंचित हिरवट काचेची, चौकोनी खांद्यांची, वर गच्च बसणारं लाल पत्र्याचं झाकण. अशा तिच्याकडे सहा आहेत हेही मला माहीत होतं. आमच्या जोडघरातली अर्धी बाजू त्यांनी भाड्यानं घेतली त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरताना मी ओट्यावर उभीच होते. जुनेऱ्यांत गुंडाळून आणलेल्या सहा बरण्या. वैरागला तिच्या वडलांचं खडीसाखर-गोळ्यांचं दुकान होतं, ते रस्ता रुंद करताना पाडलं गेलं, आणि दुकानातलं हिच्या वाट्याला आलं ते हे एवढंच.

सहा बरण्या ओळीनं ठेवल्या तर मांडणीची मधली फळी बरोबर भरते. हे मी टेपनं मोजलं नव्हतं. नजरेनं मोजलं होतं.

आठवडाभर ती बरणी तशीच राहिली. मग साबुदाण्याच्या डब्याला गंज दिसला आणि साबुदाणा मी तिच्यात ओतला. तात्पुरता.

शिवरात्रीनंतर दुसरी बरणी आली, जवसाची चटणी घेऊन. पुन्हा तळाशी दोन बोटं. होळीच्या आगेमागे तिसरी आली, कारळाची. दर वेळी विजयमाला दारातच उभी राहायची, म्हणायची, "बरणीची घाई नाही हं अक्का, सवडीनं द्या," आणि क्षणभर तशीच थांबायची. मी म्हणायची, "हो, देते की." मग ती जायची.

तिला घाई नाही म्हटल्यावर मलाही नव्हती. मागत नाही म्हणजे दिलीच, असा मी माझ्यापुरता निकाल लावला. यांना सांगितलं की बाई मानी आहे, उघड भेट कशी द्यायची म्हणून चटणीचं निमित्त करते. हे म्हणाले, मानी आहे हे खरं, पुढचं मला माहीत नाही.

तिचे मिस्टर, बिराजदार सर, गावाबाहेरच्या एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवायचे. विनाअनुदानित म्हणजे आज ना उद्या सरकारचं अनुदान येईल, मग पूर्ण पगार सुरू होईल, तोवर संस्था देईल त्यावर शिकवत राहायचं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाही होतं. पण सर रोज इस्त्रीचा सदरा घालून सायकलवर निघायचे, आणि बिराजदार म्हटल्यावर गावाकडे दहा-वीस एकर असणारच, असं मी परस्पर त्यांच्या नावावर मांडून ठेवलं होतं. त्यांच्या घरातून कधी भांडणाचा आवाज नाही, उसनं मागायला कोणी वाटी घेऊन आलेलं नाही. ज्यांच्याकडे काही कमी असतं ते वाटी घेऊन येतात, एवढंच मला माहीत होतं.

पाडव्याला मी पुरणपोळ्या केल्या आणि तीन बरण्यांच्या बदल्यात असू द्या म्हणून चार पोळ्या ताटलीत घालून दिल्या. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली, लख्ख घासलेली, आणि तिच्यात दोन मोगऱ्याची फुलं. मोगरा त्यांच्या दाराशीच होता. मी यांना म्हटलं, साखर वाचवायची ही नवीन रीत बघा. यावेळी हे हसले नाहीत. ताटलीकडे बघून म्हणाले, फुलं ताजी आहेत.

चौथी बरणी एप्रिलात आली. चटणी कढीपत्त्याची. कढीपत्त्याचं झाड मागच्या अंगणात दोघींच्या सामाईक भिंतीला लागून होतं. शेंगा, मग जवस, मग कारळ, आणि आता परसातला पाला. मी ही उतरंड बरोबर टिपली होती, आणि यांना सांगून तिच्यावर विनोदही केला होता. माझं लक्ष नव्हतं असं मला कधी म्हणता आलं नाही.

पाचवी घेऊन ती मे महिन्यात आली तेव्हा पहिल्यांदाच आत आली. ऊन फार होतं, मीच म्हटलं, ये, चहा घे. लेकीला मांडीवर घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. समोर मांडणी. मधल्या फळीवर तिच्या चार बरण्या: साबुदाणा, तांदूळ, तूरडाळ, साखर. मी खुशीत होते. म्हटलं, "बघ, तुझ्या बरण्या कशा शोभतात."

ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हो अक्का. भरलेल्या छान दिसतात."

चहा दिला तर तिनं हळूच विचारलं, साखर थोडी जास्त घातली तर चालेल का. मी घातली. तिनं कप दोन्ही हातांत धरून चहा संपवला. जाताना दारात नेहमीसारखी थांबली. मी पाचवी बरणी हातात धरून उभी होते, आणि खरं सांगते, माझ्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट होती. सहावी कधी येते.

सहावी आली नाही. पंधरा दिवस वाट बघितली. मधल्या फळीवर पाच बरण्या आणि एका बरणीची मोकळी जागा. समोरचा एक दात पडलेल्या माणसासारखी ती फळी माझ्याकडे बघून हसायची. मग एका सकाळी पाणी भरताना ती मला दिसली. समोरच्या हौसाबाईच्या खिडकीत, लाल झाकणाची.

हौसाबाई डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. पत्र्याची खोली, नवरा नाही, मुलगा पुण्याला कुठंतरी हमाली करायचा. मला त्या बाईचा राग आला. विजयमालानं तिलाही दिली याचा नव्हे, माझ्या सेटातली दिली याचा. मी विचार केला, हौसाबाईला काचेचं काय कौतुक, तिला स्टीलचा डबा जास्त उपयोगी. घरातला एक चांगला झाकणाचा डबा पुसून घेतला आणि रविवारी तिच्याकडे गेले.

ती दारात बसून तांदूळ निवडत होती. मी आडवळणानं सुरुवात केली. काच फुटते, उंदीर पाडतात, तुमच्याकडे जागा कमी. डबा पुढं केला. म्हटलं, हा घ्या, ती बरणी मला द्या, माझ्याकडे तशाच पाच आहेत, जोडी जमेल.

हौसाबाईनं डबा हातातसुद्धा घेतला नाही.

"माजी आसंल तर देईन की. ती मास्तरणीची हाय."

"तिनं तुम्हाला दिली ना?"

"चटणी दिली. बरणी कुठं दिली?" ती म्हणाली. "बरणी भरून माघारी जाती. दोन-तीन दिसांनी परत येती. आज पीठ घातलंय, सांजच्याला जाईल."

मी खिडकीकडे बघितलं. बरणी गळ्यापर्यंत ज्वारीच्या पिठानं भरलेली होती. मी विचारलं, एवढं भरून देता? दोन बोटं चटणीला?

हौसाबाईनं तांदळातून मान वर केली. माझी चेष्टा करावी की नाही असा विचार तिच्या तोंडावर दिसला, आणि तिनं तो सोडून दिला.

"आक्का, तुमी शिकलेल्या. एवढाल्या बरणीत यवढीशी चटणी कोन धाडतं ओ? वाटी नव्हती व्हय तिच्या घरात? मला पैल्याच दिवशी उमगलं. मागायचं तर हाय, पर तोंड उघडंना. म्हून बरणी मोठी." ती पुन्हा खाली बघून निवडायला लागली. "सरांस्नी आठ म्हैनं झालं पगार न्हाई. लेकरू अंगावर पितंय. मी कधी पीठ घालती, कधी मिलातली कणी. जास्ती न्हाई हुत माज्याच्यानं. एकच बरणी हाय म्हनून निभतंय."

ती पुढं म्हणाली, "तुमच्याकडं पाच हायत न्हवं? मला वाटलं, तुमी तर मस देत आसाल."

मी डबा घेऊन घरी आले. रस्ता ओलांडायला किती पावलं लागतात? मी त्या दिवशी दोनदा चुकून विजयमालाच्या दाराशी गेले आणि दोनदा माझ्या दारात आले.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? एक बरणी भरली असती, संध्याकाळी मागच्या दारानं नेली असती, आणि म्हटलं असतं, घे बाई, राहूनच गेली. पण मला घाई झाली होती. माझ्या अंगावरून ते एकदाचं उतरायला हवं होतं, तिच्या पोटात पडण्यापेक्षाही. मी साबुदाणा काढला आणि पाचही बरण्या भरल्या. ज्वारीचं पीठ, तांदूळ, तूरडाळ, साखर, शेंगदाणे. गळ्याखाली फक्त एक बोट जागा सोडून. एकदा पाटीत तीन आणि एकदा दोन अशा दोन खेपा करून भर दुपारी बाराला मी त्या त्यांच्या पुढच्या दारात नेऊन मांडल्या.

शाळेला सुट्टी होती. दार सरांनी उघडलं.

"हे काय, वहिनी?"

"विजयमालाच्या बरण्या. परत करायच्या राहिल्या होत्या."

सरांनी बरण्यांकडे बघितलं. "ती तर म्हणाली, माळ्यावर ठेवल्यात." हे ते मला म्हणाले. आणि मग त्यांनी पाचही बरण्यांवरून नजर फिरवली, पीठ, तांदूळ, डाळ, साखर, शेंगदाणे. गणिताचे मास्तर. त्यांना फळ्यावर मांडून दाखवायची गरज नव्हती.

तोवर विजयमाला आतून आली होती. ते तिला हळू आवाजात म्हणाले, "पीठ वैरागहून येतं म्हणाली होतीस."

 तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी आजवर विसरले असते. ती नुसती बघत होती. आपल्या हातातलं काहीतरी दुसऱ्याच्या हातून निसटून फुटल्यावर आपण त्या माणसाकडे बघतो, तसं. मग पदर सारखा केला.

"अक्का, तुम्ही उन्हाच्या कशाला आलात," ती म्हणाली. "बसा, चहा टाकते."

तिनं माझ्यासमोर साखरेची बरणी उघडली, त्यातली साखर घालून चहा केला, आणि मला दिला. सर भिंतीकडे बघत बसले होते. मी तो चहा प्यायले. गोड होता.

पुढच्या आठवड्यापासून बिराजदार सर संध्याकाळी बाजारातल्या एका आडत दुकानावर लिहायला जाऊ लागले. इस्त्रीचा सदरा गेला. त्या घरातून भिंतीपलीकडे भांडणाचा आवाज अजूनही येत नव्हता, पण पूर्वी बोलण्याचा यायचा, तोही बंद झाला. रोज सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला जरा जास्त वेळ लावायची. विजयमाला दिसली की हसायची, "काय अक्का, झालं का?" विचारायची आणि आत जायची.

दिवाळीच्या आधी दोन दिवस ती दारात आली. कडेवर लेक नव्हती, ती आता चालायला लागली होती. डोक्यावर पाटी होती. दोन खेपांत तिनं पाच बरण्या माझ्या ओट्यावर मांडल्या. ज्वारीचं पीठ, तांदूळ, तूरडाळ, साखर, शेंगदाणे. गळ्याखाली एक बोट जागा सोडून. साखर माझ्यापेक्षा चांगली होती.

"अक्का, तुमच्या बरण्या."

"अगं, बरण्या तुझ्या आहेत."

"असू द्या. तुमच्याकडे शोभतात."

तिच्या आवाजात टोमणा शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. त्या दिवशीही, नंतरही. सापडला असता तर बरं झालं असतं, मग मला उलट बोलता आलं असतं.

त्यानंतर तिच्या हातची चटणी आमच्याकडे कधी आली नाही. बाकी सगळं आलं. संक्रांतीचा तिळगूळ आला, लेकीच्या वाढदिवसाचा शिरा आला, सगळं वाटीत, वाटीच्या मापाचं. मी ती वाटी त्याच मापानं भरून परत द्यायची. शाळेला अनुदान आलं, सरांना मागच्या पगाराचा फरक मिळाला, घरात पंखा आला, पण हौसाबाईची सहावी बरणी रस्ता ओलांडायची काही थांबली नाही. आता तळाशी दोन बोटं कधी शेंगाची चटणी असायची, कधी तीन बोटंही. जाताना पीठ किंवा कणी असायची, आणि गरज कुणालाच नव्हती. मी खिडकीतून बघायची. माझ्या फळीवर पाच बरण्या ओळीनं होत्या, काठोकाठ भरलेल्या.

चार वर्षांनी सरांची लातूरकडच्या एका शाळेत नेमणूक झाली आणि त्यांनी घर सोडायचं ठरवलं. टेम्पो यायच्या आदल्या दिवशी मी शेंगा भाजल्या. मिक्सर होता, पण उखळात कुटल्या, लसूण आणि तिखट घालून, तेल सुटेपर्यंत. मग मधल्या फळीवरची एक बरणी रिकामी केली, धुतली, पुसली, आणि तिच्या तळाशी चटणी घातली. दोन बोटं.

विजयमाला सामान बांधत होती. मी बरणी पुढं केली. नेहमीची वाक्यं मला येत होती, चव बघ, घाई नाही, पण त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी नुसती दारात थांबले, ती थांबायची तशी.

तिनं बरणी हातात घेतली. उजेडाकडे धरली. तळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"अक्का," ती म्हणाली, "बरणी फार मोठी आहे हो."

"हो," मी म्हटलं.

तिनं झाकण घट्ट लावलं आणि जुन्या साडीत बरणी गुंडाळायला घेतली. गुंडाळता गुंडाळता, खाली बघूनच म्हणाली, "मग वेळ लागेल."

त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. हौसाबाई गेली, हेही गेले. मधल्या फळीवर चार बरण्या आहेत. सून विचारते, मधे एवढी जागा मोकळी का ठेवलीत, तिथं दुसरं काही ठेवू का. मी नको म्हणते.

बरणी आलेली नाही. मी मागितलेलीही नाही.